कवीनं न पकडलेला चोर

माझी नातसून पुस्तकं वाचते. पोरगं दुपारी झोपलं की दाराशी उजेडात बसते आणि वाचते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "आजी, तुम्हाला एक मजा वाचून दाखवते." त्या पुस्तकात जुन्या काळातला एक खराखुरा कवी होता. ज्याच्या कविता पोरं शाळेत पाठ करतात, तोच. आणि तो काय करत होता, तर एका सावकाराच्या खुनाचा तपास. परसातली माती चिमटीत धरून तिचा वास घेत होता आणि खुनी डावखुरा आहे असं सांगत होता.

"आता अशीच पुस्तकं चालतात आजी," ती म्हणाली. "कवी, नाटककार, कीर्तनकार, सगळे हेर. जुना काळही कळतो आणि गोष्टही रंगते."

मी म्हटलं, "बंद कर ते."

तिला वाटलं, म्हातारीला झोप आली. झोप कसली येते. मला राग आला होता, आणि तो लहानपणापासूनचा राग आहे. त्याचं कारण तिला त्या दुपारी सांगितलं, तेच इथं लिहिते.

मी चौथीपर्यंत शिकले. गोष्टी खोट्या असतात हे मला कळतं. खोट्या गोष्टीला माझी ना नाही. राक्षस आणा, चेटकीण आणा, खून पाडा. पण मेलेल्या माणसाचं खरं नाव घ्यायचं, त्याच्या तोंडात आपलं बोलणं कोंबायचं, आणि त्याचं बोट धरून दुसऱ्याच्या बापाकडे दाखवायचं, याला माझी ना आहे. मेलेला माणूस उठून सांगू शकत नाही की बाबा, मी असं म्हणालो नव्हतो.

आमचं गाव चिखली आणि धाड यांच्या मधलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठी कचेरी म्हटली की नागपूर, आणि शहाणा माणूस म्हटला की तोही नागपूरचा. गाव लहान, पण गावाला एक कवी होता. मी जन्मायच्या आधीच तो वारला. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, काही वर्षं शाळेत मास्तर होता, मग पुन्हा शेती करू लागला. त्याच्या कविता मासिकांत छापून येत. एक कविता आमच्या तिसरीच्या पुस्तकात होती. ती पाठ म्हणताना मास्तर आम्हाला उभं करायचे, देवाच्या आरतीसारखं. कवी असं म्हणून गेला म्हटलं की गावात पुढे कोणी बोलत नसे. पावसाबद्दल असो की सुनांबद्दल.

माझ्या आजीनं त्याला चांगला पाहिला होता. तिला त्याचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. ती म्हणायची, "मानूस चांगला होता. पन त्याले सोताच्या वाहना सापडत नोहत्या. मंदिरातून कोनाच्याबी वाहना घालून घरी जाये." ही ओळख लक्षात ठेवा.

आमचा मळा देवीच्या मंदिराला लागून. विहीर, मोट, थोडी वांगी, मिरची, कांदे, आणि गावाच्या वरच्या अंगाला एक ज्वारीचं वावर. माझ्या आज्याला एकच डोळा होता. लहानपणी ज्वारीच्या धांड्याचं टोक दुसऱ्या डोळ्यात गेलं. आज्याच्या आधीपासून आमच्या घराकडे गावचा एक मान होता. चैत्रात देवीची जत्रा भरते. जत्रेच्या सकाळी देवीचा चांदीचा मुखवटा नदीवर न्हायला नेतात. तो डोक्यावर घेऊन जाणारा माणूस आमच्या घरचा. आधी आजा, मग माझे बाबा. त्या एका दिवशी पाटलाची माणसं मागे चालायची आणि बाबा पुढे. वर्षभर बाबा भाजीची टोपली डोक्यावर घेऊन चिखलीच्या बाजारात जायचे, आणि त्या दिवशी त्याच डोक्यावर देवी. बाबांना तेवढंच होतं. त्यांना दुसरी हौस नव्हती.

आता चोरीचं सांगते. आजा तरणा होता तेव्हा एका पौषात देवीच्या गळ्यातली सोन्याची माळ गेली. कोणी नेली ते कळलं नाही. ठाणेदार आला, चार दिवस राहिला, दहा घरी जेवला आणि गेला. मंदिराला लागून मळा आमचा, म्हणून तो आज्याकडेही आला. आजा तेव्हा खळ्यावर होता. ज्वारीची रास पडली होती आणि तो ती मापत होता.

रास मापताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. मापणारा तेवढा मापाची मोजणी बोलतो, तीही पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतो. बाकी सगळे गप्प. वाहाणा खळ्याबाहेर. कोणी तोंड उघडलं तर रास घटते असं मानतात. घटते की नाही ते मला माहीत नाही, पण कोणी बोलत नाही हे माहीत आहे. ठाणेदार परमुलखाचा. तो बुटासकट खळ्यात आला आणि विचारू लागला. आजा गप्प. पुन्हा विचारलं, आजा गप्प. ठाणेदारानं छडी उगारली. तेव्हा खळ्याच्या कडेला कवी उभा होता. तो पुढे झाला आणि ठाणेदाराचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, साहेब, रास मापून होऊ द्या, मग हा मनुष्य काय विचाराल ते सांगेल. रास संपली. आज्यानं सांगायचं ते सांगितलं. ठाणेदाराचं समाधान झालं, गावाचं तर आधीच झालं होतं. त्याच चैत्रात मुखवटा आज्याच्याच डोक्यावर ठेवला गेला.

हे आजीनं डोळ्यानं पाहिलेलं. ती खळ्यावर सूप घेऊन बसली होती.

मी शाळा सोडली त्या साली गावात असंच एक पुस्तक आलं. आजा तोवर वारला होता. पाटलाच्या जावयानं लिहिलेलं. जावई नागपूरला वकील. वकिली चालत नव्हती म्हणून ते लिहीत होते, की लिहीत होते म्हणून वकिली चालत नव्हती, ते मला ठाऊक नाही. दिवाळीला सासुरवाडीला आले की पाटलाच्या ओट्यावर बसून म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी विचारायचे. म्हातारे खुशीत सांगायचे. चोरीची गोष्टही त्यांनीच सांगितली. अख्खी सांगितली. जावयानं अर्धी उचलली.

पुस्तकाचं वाचन मंदिराच्या सभामंडपात ठेवलं. माघातले दिवस, उन्हं कलली की माणसं जमायची. शाळेचे मास्तर वाचत. बायका खांबाआड. आजी आणि मी पहिल्या दिवसापासून जात होतो. सांगायला हरकत नाही, पहिले दोन दिवस आम्हाला फार गोड वाटलं. आमच्या गावाचं नाव छापलेलं! मंदिर, वड, नदीचा घाट, सगळं नावानिशी. आणि त्यात आमचा कवी, त्याच्या खऱ्या नावानं. फक्त पुस्तकातला कवी उंच होता, त्याचे डोळे तीक्ष्ण होते आणि तो पाऊलखुणा पाहून माणसाचं वय सांगत होता.

आजी माझ्या कानात म्हणाली, "हा कोनता कवी व्हय? आपल्याले तो वाहनावाला पाहिजे होता."

पुढे बसलेली एक बाई वळून म्हणाली, "गप बस वो बुढे, आयकू दे."

तिसऱ्या दिवशी पुस्तकात एक माळी आला. मंदिराशेजारी त्याचा मळा. नाव वेगळं ठेवलं होतं. पण त्याला डोळा एकच होता.

सभामंडपात सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. बाबा पुरुषांत बसले होते. त्यांना वाटलं, आपल्या बापालाही पुस्तकात घेतलं. ते हसले. ते हसू मला अजून दिसतं आणि अजून माझा जीव जळतो.

मग खळं आलं. पुस्तकात ठाणेदार नव्हताच. कवीच खळ्यावर जातो आणि माळ्याला विचारतो, त्या दिवशी तू कुठे होतास? माळी गप्प. कवी पुन्हा विचारतो. माळी खाली मान घालून ज्वारीत हात घालत राहतो. आणि कवी मनात म्हणतो की निर्दोष माणसाला बोलायला वेळ लागत नाही. शेवटी कवी माळ शोधून काढतो कुठून, तर मळ्यातल्या थारोळ्याखालून. मोटेचं पाणी विहिरीतून वर येऊन ज्या दगडी कुंडात पडतं, त्याला थारोळं म्हणतात. त्याच्या दगडाखाली माळ पुरलेली. अर्धी विकून झालेली. आणि कवी काय करतो? दया करतो. माळ्याची बायको रडते, म्हणून पोलिसांना सांगत नाही. उरलेलं सोनं कुठे गेलं ते देवीलाच ठाऊक, असं म्हणून पुस्तक संपतं.

किती हुशारी पाहा. पोलिसांत नोंद का नाही, तर दया केली. माळ का मिळाली नाही, तर देवीला ठाऊक. कोणी खोटं म्हणायला जागाच ठेवली नाही. आणि माझी आजी उभ्या जन्मात कोणापुढे रडली नव्हती.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. बाबा उठले आणि बाहेर गेले. आजी तिथेच मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, हे कोनं सांगतलं?"

मास्तर म्हणाले, "आजी, पुस्तकात आहे."

"कवी असं नाही म्हनाला. मी होती तिथं."

"आजी, कवींचं नाव आहे त्यात."

तिथून सगळं सुरू झालं. गावाला कादंबरी काय असते ते माहीत नव्हतं असं नाही. पण कवीचं नाव होतं ना! जो माणूस पाठ्यपुस्तकात आहे तो खोटं कसा बोलेल? लेखकावर कोणी विश्वास ठेवला नाही, सगळ्यांनी कवीवर ठेवला. आणि ज्या कवीनं माझ्या आज्याला छडीपासून वाचवलं होतं, त्याच कवीच्या हातून त्याला चोर ठरवलं होतं. मला राग याचा आहे. दुसरा कोणी हेर बनवायचा होता. नागपुरात हेर मिळत नव्हते का?

आठ-पंधरा दिवसांत पोरं मळ्याच्या कुंपणावरून माझ्या मायला हाका मारून विचारू लागली, "काकी, थारोळ्यात काय हाय वो?" पोरांचं सोडा. एक दिवस बाबा धाडच्या बाजाराला गेले होते. आजी आणि मी न्याहारी घेऊन मळ्यात आलो तर चार जण पहारी घेऊन थारोळ्याशी. एकानं धोतर खोचलेलं, दुसरा पोटावर पडून दगडाखाली हात घालत होता. ओळखीचे, आमच्याच आळीचे.

आजी म्हणाली, "का बे, काय हारपलं तुमचं?"

"काही नाही मावशी. दगड ढिला झाला का म्हनून पाहून राह्यलो."

"पाहा. अन् खाली तुमची अक्कल सापडली तं थेबी घिऊन जा."

पोटावर पडलेला म्हणाला, "मावशी, रागावू नको. कवीनं लिहलं हाय नं, अर्धी उरली होती."

"कवी मेला तवा तू दूध पेत होता बे. त्यानं तुले येऊन सांगतलं का?"

आजीनं मोटेचा नाडा, तो जाड दोर, उचलला तेव्हा ते पळाले. पण थारोळं फुटलं होतं. ते पुन्हा चुन्यात बसवीपर्यंत कांद्याला पाणी मिळालं नाही आणि कांदा वाळला. कोणी भरून दिलं नाही. त्या चौघांतला एक मंदिराचा पंच होता.

मग पाटलानं बाबांना बोलावलं आणि म्हणाला, यंदा मुखवट्याचं जरा थांब. लोकं कुजबुजतात. बाबा घरी येऊन बसले. जेवले नाहीत. माय म्हणाली, जाऊ द्या, एक सालचं तर आहे. आजी म्हणाली, "एक साल नाही ते. आज सोडलं का गेलं." आणि जत्रेला जावई आले त्या दिवशी ती पाटलाच्या घरी निघाली. मला सोबत घेतलं, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं. "काही दाखवलं तं वाचून सांग," म्हणाली.

पाटलाच्या ओट्यावर जावई पानाचं तबक घेऊन बसले होते. पांढरं धोतर, चष्मा. आजूबाजूला गावातले दहा-बारा शेतकरी. पाटलाचा जावई म्हणजे गावाचा जावई. त्याला गावात कोणी तू खोटा म्हणत नाही. तो वांग्याला दोडका म्हणाला तरी सगळे हो म्हणतील. आजी पदर सावरून ओट्याखाली उभी राहिली.

"जवाईबापू, तुमी लिहलं नं ते पुस्तक?"

"हो आजी. वाचलंत?"

"आयकलं. तो एका डोयाचा मानूस माहा घरधनी व्हय."

जावई हसले. वाईट माणूस नव्हता. मऊ बोलणारा होता, आणि मला त्याचा राग जास्त त्यामुळेच येतो. म्हणाले, "अहो आजी, ती कादंबरी आहे. कल्पना. खरं मानायचं नसतं."

"कल्पना व्हय? मंग कवीचं नाव काऊन खरं? गावाचं नाव काऊन खरं? देऊळ खरं, मळा खरा, डोया खरा. अन् चोरी तेवढी कल्पना?"

"त्यामुळे गोष्टीला खरेपणा येतो आजी. वाचकाला वाटलं पाहिजे की हे घडलं."

"वाटलं. पहारी घिऊन आले."

पाटील खाकरला. "मावशी, जाऊ दे नं. जवाई हाय. घरात ये, चहा घे."

आजीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती शेतकऱ्यांकडे वळली. "तुमी सारे बसले होते आयकाले. रास मापताना तुमच्या खळ्यावर कोनी बोलते का? सांगा यायले."

कोणी बोललं नाही. एकजण पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. त्यातल्या एकेकाच्या खळ्यावर मी स्वतः गेलेली, वाहाणा बाहेर काढून, तोंडाला कुलूप लावून. सगळ्यांना माहीत होतं. वाचन ऐकताना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गप्प राहिलेला माळी चोर ठरला तेव्हा सभामंडपात एकही असा बसला नव्हता ज्याला ते चूक आहे हे कळलं नसेल. पण जावई लिहिणार आणि कवी बोलणार, मग आपण मध्ये कशाला?

आजी म्हणाली, "बोला नं. आता कोनती रास मापून राह्यले?"

शेवटी जावयांनीच विचारलं, ही काय पद्धत आहे? आजीनं सांगितलं. ठाणेदाराचं सांगितलं, छडीचं सांगितलं, कवीनं हात धरला ते सांगितलं. जावई चष्मा पुसत लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता याला लाज वाटणार.

ते म्हणाले, "आजी, हे फारच छान आहे. हे मला कोणी नीट सांगितलंच नाही. दुसरी आवृत्ती निघते आहे. मी यात नक्की सुधारणा करतो."

पाटलाला हायसं वाटलं. "झालं! दुसऱ्या पुस्तकात दुरुस्ती व्हते. तवलोक थांबा. यंदा मुखवटा दुसरं कोनी नेईन, पुढच्या साली तुमाले."

त्या साली मुखवटा दुसऱ्या घरच्या माणसानं नेला. बाबा मागून चालले. वर्षभर ते त्या दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत राहिले. चिखलीला गेले की शाळेजवळच्या पुस्तकाच्या दुकानात डोकवायचे. दुकानदार त्यांच्या डोक्यावरची टोपली पाहून म्हणायचा, "भाजी नको." बाबा म्हणायचे, "भाजी नाही, पुस्तक आलं का?" घरी येऊन हे ते हसत सांगायचे. त्यांना खात्री होती. शिकलेल्या माणसानं चार माणसांसमोर शब्द दिला होता.

पुस्तक आलं. पुन्हा माघात, पुन्हा सभामंडप, पुन्हा मास्तर. या वेळी बाबा पुढे बसले. आणि खरंच, खळ्याची पद्धत त्यात होती. वाहाणा बाहेर, पहिल्या मापाला लाभ, सगळं आजीच्या शब्दांत. ठाणेदार होता, छडी होती. कवी ठाणेदाराचा हात धरून त्याला बाहेर नेतो, तेही होतं. बाबांनी मागे वळून आजीकडे पाहिलं. आजीनं मान डोलावली.

मास्तर पुढे वाचू लागले. कवी ठाणेदाराला बाहेर नेतो, कारण त्याला माळ्याला बेसावध करायचं असतं. मग तो बारकाईनं पाहत राहतो. रास मापून संपते. बाकीचे सगळे बोलू लागतात. माळी मात्र अजूनही गप्प असतो. आणि कवी मनात म्हणतो, आता कसली रास?

थारोळं होतंच. माळ होतीच. रडणारी बायको होती. एक डोळा होता.

सांगा आता. आजीनं तिच्याकडे होतं तेवढं खरं त्याला दिलं आणि त्यानं त्या खऱ्याचाच फास केला. तिचा ओट्यावरचा टोमणासुद्धा उचलून कवीच्या तोंडी घातला. मंडपात लोक म्हणाले, "वा!" मी कानानं ऐकलं. गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली झाली होती, हे मीही मान्य करते. म्हणून तर सांगते की ती वाईट होती. नातसून म्हणते, आजी, लेखकाला मोकळीक असते. असू दे. त्याला मोकळीक होती आणि माझ्या बाबांना नव्हती, एवढंच मला कळतं. त्यांना त्याच गावात राहायचं होतं.

आजीनं त्या दिवशी घरी येऊन चूल पेटवली.

चैत्र आला. जत्रेच्या आदल्या दिवशी पाटलानं बाबांना मंदिरात बोलावलं. मी बाबांच्या मागोमाग गेले. पंच बसले होते, थारोळं फोडणाराही त्यात होता. पाटील जुन्या ओळखीनं बोलला. त्याला भांडण नको होतं. जावयाला दुखवायचं नव्हतं आणि आमच्या घरालाही तोडायचं नव्हतं. त्यानं बाबांच्या हातात एक नारळ दिला.

"हे पाय, कायले वाढवायचं? एक नारय फोड देवीपुढं. झालं गेलं म्हन. उद्या मुखवटा तुह्या डोक्यावर."

बाबा नारळ हातात घेऊन उभे राहिले. समोर देवीपुढे फोडायचा दगड होता. उद्या मुखवटा डोक्यावर. वर्षभर त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. मला वाटलं, फोडतात. मला तर फोडावा असंच वाटत होतं. मी लहान होते आणि मला मिरवणुकीत पुढे चालायचं होतं.

बाबांनी विचारलं, "कोनाच्या नावानं फोडू?"

"तुह्या बापाच्या नावानं. दुसरं कोनाच्या?"

"अन् काय म्हनू?"

पंच म्हणाला, "म्हन का चूक झाली, माफ कर. देवी मोठी हाय. कवीनं माफ केलं तं देवी करनार नाही का?"

बाबांनी नारळ धोतराच्या सोग्यात बांधला. "पाटीलबुवा, राम राम," म्हणाले आणि निघाले. पाटलानं मागून हाक मारली, "अरे, नारय कुठी नेतो?" बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

घरी आजी अंगणात मिरच्या खुडत होती. तिनं सोग्यातला गोळा पाहिला.

"काय व्हय?"

"नारय."

"कायचा?"

"बापाच्या नावानं फोडाले देल्ला होता."

"फोडला?"

"नाही."

"मंग आन इकडं."

तिनं तो पाट्याच्या कडेवर फोडला. पाणी मला दिलं. आमच्याकडे नारळ म्हणजे देवाचा, नाही तर लग्नाचा. रोजच्या खाण्यात कोण आणतं? तिनं लसूण, हिरवी मिरची आणि मीठ घालून पाट्यावर त्याची चटणी वाटली. चटणी जास्त झाली, दुसऱ्या दिवशीलाही उरली. सकाळी आम्ही मळ्यात भाकरी खायला बसलो तेव्हा मंदिरातून वाजंत्री निघाली. मुखवट्याची वाट आमच्या कुंपणाला लागून आहे, ती काही बदलता येत नव्हती. पुढे तोच दुसऱ्या घरचा माणूस, त्याच्या डोक्यावर देवी, आणि त्याच्यामागे पाटील, जावई, मास्तर, सगळं गाव. जावयांनी कुंपणावरून आम्हाला पाहून हात जोडले.

बाबांचा घास हातात राहिला. ते उठायला लागले. देवी चालली होती, उठायलाच पाहिजे होतं.

आजी त्यांच्या भाकरीवर चटणी वाढत म्हणाली, "बस. देवीले माहीत हाय. बाकीच्याईसाठी उठू नको."

बाबा बसले. वाजंत्री नदीकडे उतरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, भाकरी मात्र संपवली. तो मान पुन्हा आमच्या घरी आला नाही.